बदामी रंगाचे नऊ पट्टे

थांबाकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. धंद्यानं ते रंगारी, लोकांच्या घरांच्या भिंती रंगवणारे. कुणी मधेच डोकावून विचारलं, "काका, कसा वाटतोय हो रंग?" की उत्तर ठरलेलं, "थांबा, वाळू द्या." वाळल्यावर कुणी म्हणालं, "वा, छानच दिसतोय की!" तरी तेच, "थांबा. दिवा लागल्यावर सांगा." घरमालक अगदी टेकीला यायचे. काकांचा कामातला जोडीदार इतका उंच होता की त्याला सगळे शिडीच म्हणायचे. त्या शिडीनंच पहिल्यांदा थांबाकाका म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं काही चिकटलं की मग पत्रं आली तीसुद्धा त्याच नावानं.

ह्या थांबा-थांबामागं एक फजिती होती. ऐन उमेदीत, वस्तादाच्या हाताखालून नुकते सुटले होते तेव्हा, त्यांनी एका वकीलबाईंची बैठकीची खोली रंगवली. दिवसा बघावं तर दृष्ट लागावी असा रंग. बाई खूश, हे खूश. संध्याकाळी बाईंनी दिवा लावला आणि चारही भिंती गुलाबी झाल्या. गेरू जास्त पडला होता आणि दिव्याच्या उजेडात तो वर आला. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून रडल्या. "माझ्या खोलीचं बाहुलीघर करून ठेवलंत हो!" म्हणाल्या. वस्तादानं काही शिव्या दिल्या नाहीत, नुसती खरवडायची पट्टी हातात दिली. ती खोली काकांनी खरवडून पुन्हा रंगवली आणि त्या दिवसापासून एक नियम करून टाकला. आधी भिंतीवर वीतभर रुंदीचा नमुन्याचा पट्टा ओढायचा. तो वाळला की घरचं माणूस जिथं बसतं तिथं बसून तीन वेळा बघायचा, सकाळच्या उन्हात, भर दुपारी आणि दिव्यात. मग घरच्यानं स्वतःच्या तोंडानं "हाच" म्हणायचं. तोवर भिंतीला ब्रश लावायचा नाही म्हणजे नाही, मग समोर कोणी का असेना.

पट्टा बहुतेक वेळा बदामीच असायचा, हेही सांगून टाकतो. लोक शेडकार्ड घेऊन बसायचे, त्यातली नावं वाचता वाचता जीभ अडखळायची, आणि शेवटी काकांनी हळूच बदामी पुढं सरकवलेला असायचा. सोललेल्या बदामाचा फिकट रंग नव्हे हं. सालीचा रंग, त्यात दूध घालून उजळलेला. चहात बेतानं दूध पडलं की येतो तसा. पांढरी भिंत डोळ्यावर येते आणि दोन महिन्यांत तिला हातांचे डाग पडतात, गडद रंगात खोली आवळल्यासारखी होते, हा मधला. जुनं लाकडी कपाट असो की नवा सोफा, पडदे निळे असोत की हिरवे, हा कुणाशी भांडत नाही. ज्या खोलीनं उन्हाचं तोंड पाहिलेलं नाही, तिथंसुद्धा ऊब येते. आणि खरं कारण वेगळंच होतं. "वहिनी, भिंत कशी दिसते ह्याला काडीची किंमत नाही," काका म्हणायचे. "भिंतीपुढं बसलेलं माणूस कसं दिसतं, ते बघा. बदामीपुढं आजारी माणूससुद्धा चांगलं दिसतं."

रंग ते स्वतः मिसळायचे. दुकानात मशीन आलं, बटण दाबलं की हवा तो रंग डब्यात पडायला लागला, पण काका त्या मशीनकडे सवतीकडे बघावं तसं बघायचे. पांढऱ्यात आधी पिवळी माती, मग गेरू, आणि सगळ्यात शेवटी काळ्याचा थेंब. थेंब म्हणजे थेंबच, काडीच्या टोकावर मावेल तेवढा. तो पडला नाही तर रंग पोरकट दिसतो आणि दोन पडले तर मरगळलेला. हातानं मिसळलेला रंग पुन्हा तंतोतंत तसा येत नाही, म्हणून उरलेला बदामी ते त्या त्या घरी डब्यात बंद करून ठेवून यायचे. "पुढं कुठं ओरखडा पडला तर लागेल," असं बजावून.

बाकीचे रंग उरले की मात्र ते थेट काकांच्या घरी यायचे, आणि इथूनच सगळं दुखणं सुरू झालं.

काकांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरची खोली निळी, दातांच्या दवाखान्यातून उरलेली. स्वयंपाकघराची एक भिंत पिस्ता आणि बाकीच्या तीन जांभळट, कारण पिस्ता तेवढाच उरला होता. आणि झोपायची खोली हिरवी. एका इस्पितळाचे लांबलचक बोळ रंगवून झाल्यावर जे दोन डबे हाती लागले, त्यातला तो मंद, कोमट हिरवा. काका काही चिक्कू नव्हते. पण चांगला रंग डब्यात सुकून जाणार म्हटलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. बरं, लावायचेही अर्धवट, मिळेल त्या रविवारी, तेही घाईघाईत. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवरचा केसाएवढा फटकारा न सोडणारा हा माणूस, घरी कोपरे तसेच ठेवायचा.

काकू त्यांना उष्टे रंग म्हणायच्या.

"आज कुणाचं उष्टं आणलंत?" डबा दिसला की पहिला प्रश्न हा.

"अगं, उष्टं काय त्यात? चांगला अर्धा डबा आहे."

"कुणाच्या तरी घरचं जेवण झाल्यावर उरलेलंच ना ते? त्यांचं पोट भरलं, मग आपल्या पानात."

काका हसून सोडून द्यायचे. वास्तविक रंगाच्या बाबतीत काकूंची नजर काकांच्याही वरताण होती. त्या घरी शिवणकाम करायच्या. खिडकीशी मशीन, शेजारी दोऱ्याच्या रिळांचा डबा. कुणी कापड आणलं की डब्यात नुसती नजर टाकून हात घालायच्या आणि जे रीळ बाहेर यायचं ते त्या कापडाला असं जुळायचं, जसं काही त्याच गिरणीतून निघालंय. एकदा घेतलेलं रीळ परत ठेवून दुसरं घेतलंय असं कुणी पाहिलं नव्हतं.

एकदाच काय ते काकू त्यांच्याबरोबर एका रंगवलेल्या घरी गेल्या होत्या. घर एका शिक्षिकेचं. काम झालं म्हणून बाईंनी दोघांना चहाला बोलावलं होतं. काकू बदामी भिंतीला टेकून बसल्या. बोलता बोलता दिवेलागण झाली, बाईंनी दिवा लावला, आणि खोली अशी काही उजळली की काकूंच्या हातातला कप हातातच राहिला. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता म्हणाल्या, "अशी एक खोली मला द्या. एकच. नवा डबा फोडून."

"देतो की! त्यात काय? पुढच्या महिन्यात."

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. पुढचा महिना काही उजाडला नाही. कधी शाळेचं काम आलं, कधी कुणाच्या नव्या घराची घाई. सकाळी सातला घर सोडायचं आणि परत यायचं ते दिव्यातला रंग बघूनच. म्हणजे लोकांच्या घरी दिवे लागताना काका तिथं हजर, आणि स्वतःच्या घरी दिवा लावताना काकू एकट्या. पोरगी लहान होती तोवर तिची सोबत होती. मग ती लग्न करून पलीकडच्या गल्लीत गेली, टपाल कचेरीत खिडकीवर बसू लागली, आणि काकू राहिल्या मशीनपाशी. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पाय सुजायला लागले. आधी पाय, मग धाप. काकू मूग गिळून बसल्या आणि काकांना पत्ता नाही. पोरीनंच एक दिवस हाताला धरून इस्पितळात नेलं. हृदय थकलंय, पार थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस तिथं ठेवलं आणि मग काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या. आवडीचं करा. दोन महिने धरा, फार तर तीन."

इस्पितळाच्या त्या लांबलचक बोळात काका भिंतीला हात लावून उभे राहिले. भिंत हिरवी होती, त्यांनीच रंगवलेली.

काकूंना घरी आणलं त्या दिवशी काकांनी हातातलं काम शिडीवर सोपवलं आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. काकूंनी आरसा मागितला, पाहिला आणि पालथा ठेवला. "ह्या हिरव्यात माझं तोंड बघवत नाही हो. आधीच मेल्यासारखी दिसते."

"उद्यापासून रंग काढतो खोलीचा," काका म्हणाले. "बदामी. नवा डबा. उष्टा नाही, शपथ."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "खरंच?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका कामाला लागले. पलंगासमोरची भिंत खरवडली, भेगा-खळग्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं अशी घासली की गाल टेकवावा. वासाचा त्रास नको म्हणून पाण्यातला रंग आणला. बेत पक्का होता. एकदा रंग ठरला की काकूंना चार दिवस बाहेरच्या खोलीत हलवायचं आणि सबंध खोली उरकायची. त्यांनी पहिला पट्टा ओढला, वाळू दिला, आणि काकूंच्या उशाशी बसून सकाळी बघितला, दुपारी बघितला, दिव्यात बघितला. त्यांच्या मते तो बरोब्बर उतरला होता.

"हाच ना?"

काकूंनी डोळे बारीक केले. "छान आहे. पण जरा पिवळा वाटतो का हो?"

काकांनी मान तिरकी करून पाहिलं. पिवळा? असेल. गिऱ्हाईक म्हणतंय ना पिवळा, मग पिवळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेरू वाढवला आणि शेजारी दुसरा पट्टा ओढला. त्याला चार-पाच दिवस गेले. तो काकूंना लालसर वाटला. तिसरा मळकट वाटला. चौथा सकाळी पसंत पडला, दुपारीही पडला आणि दिव्यात नापसंत झाला.

प्रत्येक पट्ट्याला रंगाचे दोन हात, वाळायला वेळ, तिन्ही उजेड, आणि वर काकूंचं "उद्या परत एकदा बघू". काका दिवसभर त्या खुर्चीतच. चहा तिथं, पेपर तिथं. बसलं की बोलणं आलंच. काका एरवी घरी कमी बोलायचे, लोकांच्या घरी बोलून बोलून आलेले असायचे ना. आता काकूंना ते सगळे किस्से ऐकायला मिळाले. एका गृहस्थानं पैज लावून स्वतःच छत रंगवायला घेतलं आणि डोक्यावर डबा उपडा करून घेतला, ते सांगितलं तेव्हा काकू धाप लागेपर्यंत हसल्या. काका घाबरून पाणी घेऊन धावले, तर म्हणाल्या, "पुढं काय झालं ते सांगा आधी."

काकूही बोलायच्या. पोरगी सहा वर्षांची असताना तिला बारा दिवस ताप होता, तेव्हा शेजारच्या बाईंना रात्रभर बसवून ठेवलं होतं, ते सांगितलं. मशीनची सुई बोटात घुसली होती ते सांगितलं. तक्रार नाही, आपलं सहज.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही होतात कधी?" काकू म्हणाल्या, आणि लगेच, "बघा बघा, ऊन आलं पट्ट्यावर. आता सांगा कसा दिसतो?"

पाचव्या पट्ट्याला काकांचा पारा चढला. "अगं, तू गिऱ्हाईक असतीस ना, तर केव्हाच ब्रश धुऊन घरी गेलो असतो मी!"

"घरीच तर आहात," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं. त्यांनी सहाव्याची तयारी केली.

पोरगी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी येऊन जायची. तिनं एक दिवस बापाला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, कुठलातरी एक मारून टाका ना. महिना झाला. डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तिनं होकार कुठं दिलाय?"

"आई आहे ती, गिऱ्हाईक नाही!"

"म्हणूनच तर," काका म्हणाले. "एकतीस वर्षं तिला लोकांच्या घरचं उरलेलं दिलं. आता एकदा तिच्या मनासारखं द्यायचं, तेसुद्धा मीच ठरवून देऊ? लोकांच्या घरी पाहुण्यांची खोली रंगवताना थांबलो, आणि तिच्यासाठी थांबणार नाही?"

पोरगी काहीतरी बोलणार होती. ओठांपर्यंत आलेलं तिनं गिळलं आणि पातेली घासायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला एवढं कळू नये? जी बाई नजरेनं दोरा जुळवते, तिला महिनाभर एक रंग ठरवता येत नाही, ह्यात काही काळंबेरं वाटू नये? नाही वाटलं. रंगाऱ्याला भिंत दिसते हो. काका पट्ट्यांकडे बघत राहिले, पिवळी माती आणि गेरू ह्यांचा हिशेब करत राहिले, आणि काकूंचे ओठ निळे पडत चालले. पाठीमागं एक एक उशी वाढत गेली. बोलताना मधे थांबावं लागायला लागलं. काका मनातल्या मनात दिवस मोजायचे. खोली रंगवायला चार दिवस हवेत. चारच. तेवढे मिळाले पाहिजेत. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आठव्या पट्ट्याला तर त्यांनी हात जोडले.

"आता तरी हो म्हण गं. पाया पडतो तुझ्या."

काकूंनी त्यांचा हात धरला. नखांत पिवळी माती होती, ती त्या अंगठ्यानं काढत राहिल्या. "एक अजून. नववा. तो बघितला की सांगते. नक्की."

नववा पट्टा काकांनी ओढला तो श्वास रोखून. दोन दिवसांनी सकाळच्या उन्हात काकू म्हणाल्या, "सुरेख." दुपारी म्हणाल्या, "सुरेख. आज दिव्यात बघू आणि सांगून टाकते." काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. उद्या सकाळी कामाला लागायचं तर पांढरा रंग पुरेसा हवा, एकाच वेळी सगळा मिसळायला हवा, नाहीतर भिंती सारख्या दिसणार नाहीत. पाच वाजता पोरगी आली तशी तिला बसवून ते दुकानात धावले. जाताना दारातून वळून म्हणाले, "आलोच. दिवा लावायच्या आत येतो."

"सावकाश या," काकू म्हणाल्या.

दुकानदार मोठा डबा माळ्यावरून काढत होता आणि काका त्याला सांगत होते की जुना नको, झाकणावरची तारीख बघ, बायकोच्या खोलीला लावायचाय. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पोरीला बोलताच येत नव्हतं.

डबा उचलूनच ते धावत आले. का उचलला, त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. काकू उशांच्या ढिगाला टेकलेल्या होत्या आणि चेहरा खुर्चीकडे होता. दिवा लागायला अजून अर्धा तास होता.

काकूंना पोचवलं. माणसं आली, बसली, गेली. शिडी रोज संध्याकाळी येऊन बसायचा. खोली तशीच होती, तीन भिंती हिरव्या आणि चौथीवर बदामीचे नऊ पट्टे. पोरीनं म्हटलं, पडदा तरी लावू का? काकांनी तिला हात लावू दिला नाही. ते खुर्चीत बसून नवव्या पट्ट्याकडे बघायचे. तो तिला आवडला होता, दोन उजेडांत तिनं सुरेख म्हटलं होतं. तिसरा तेवढा राहिला. तिसऱ्यात नाही म्हणाली असती तर? विचार करून करून डोकं फुटायची पाळी आली.

तीन आठवडे झाल्यावर एका रविवारी त्यांनी पोरीला विचारलंच. "नववाच ना गं? तू होतीस तिथं. शेवटी काही बोलली का ती?"

पोरगी काकूंचे कपडे घडी करत होती. ती थांबली. मग हातातलं बाजूला ठेवून म्हणाली, "पहिला, बाबा."

"काय?"

"पहिला पट्टा. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली होती. अगदी तोच रंग आहे, त्या शिक्षिकेच्या घरचा, म्हणाली. ह्यांना सांगू नकोस, म्हणाली."

काकांना आधी काही कळलंच नाही. मग त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते उठले, खुर्ची मागं पडली. "मग बोलली का नाही ती! आणि तू? तू का नाही बोललीस? दीड महिना! दीड महिना मी माती कालवत बसलो! चार दिवसांत झाली असती ही खोली! त्या मेल्या हिरव्या रंगात गेली ती, त्या हिरव्यात! तिच्या हक्काची एक खोली, तीसुद्धा बघायला मिळाली नाही तिला! काय मिळवलं असं करून? सांग ना, काय मिळवलं?"

पोरगी रडत होती, पण नजर खाली घातली नाही तिनं.

"तिला घरी आणलं त्याच दुपारी तुम्ही इथंच बसून शिडीकाकांना फोन केलात. म्हणालात, चार दिवसांचं काम आहे, पाचव्या दिवशी येतो कामावर. तिला झोप लागलीय असं वाटलं तुम्हाला. ती जागी होती."

काकांनी पलंगाकडे पाहिलं.

"मी तिला म्हटलं, आई, नुसतं सांग ना त्यांना, थांबा म्हणून. तर म्हणाली, सांगितलं तर माझ्यासाठी म्हणून थांबतील आणि जीव सगळा बाहेर राहील. रंगासाठी थांबतात तेव्हा मनापासून थांबतात."

खोटं नव्हतं त्यात काही. तो फोन केला होता. वसतिगृहाचं काम होतं, मोठं, शिडीला एकट्याला झेपणारं नव्हतं, आणि काकांनी खरोखरच पाचव्या दिवशी जायचं ठरवलं होतं. खोली रंगवून दिली असती, काकूंना त्यात आणून ठेवलं असतं, दोन दिवस कौतुक ऐकलं असतं आणि सकाळी सातला घर सोडलं असतं. दिवा लागायच्या वेळी वसतिगृहाच्या जिन्यात उभे राहिले असते. हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, तिच्यावर बसले आणि तोंडावर हात घेऊन पोरीसमोर ढसाढसा रडले. पोरगी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोमवारी सकाळी काकांनी पलंग मधे ओढला आणि वर चादर घातली. तीन भिंती खरवडल्या, लांबी भरली, घासल्या. दुकानातून आणलेला तो डबा फोडला आणि सगळा पांढरा रंग एकदम मोठ्या बादलीत ओतला. माती, गेरू, काळ्याचा थेंब. पहिला पट्टा कसा मिसळला होता ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण हाताला ते आठवत होतं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. पट्ट्यांच्या भिंतीवर पहिला हात मारताना दुसरा, तिसरा, चौथा असा एक एक पट्टा झाकला गेला, तेव्हा प्रत्येकाबरोबर त्या त्या दिवसाचं बोलणं आठवत गेलं आणि ब्रश मधेच थांबत राहिला. दुसऱ्या हाताला काही आठवण्यासारखं उरलं नाही, भिंत सगळी सारखी झाली.

खोलीला चारच दिवस लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरगी आली. तिनं दिवा लावला आणि ती तशीच दाराला टेकून उभी राहिली. रंग इतका चांगला उतरला होता की बोलायची सोय नव्हती. रडून रडून सुजलेलं तिचं तोंडसुद्धा त्या भिंतीपुढं चांगलं दिसत होतं. काकांनी ते पाहिलं.

पाचव्या दिवशी सातच्या ठोक्याला शिडी दारात हजर. वसतिगृहाचे दोन मजले अजून बाकी होते. "चल बाबा," तो म्हणाला. "घरात बसून डोकं फिरेल तुझं. कामाला लागलास की बरं वाटेल."

"तू हो पुढं," काका म्हणाले. "मी आज घरी आहे."

"घरी? घरी आता कोण आहे?" शिडी बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"कोणी नाही," काका म्हणाले. "तरी बसतो."